चॅम्पियन बॉक्सरचा जिममधला फोटो: या चुका टाळा

बॉक्सिंग जिममध्ये कॅमेरा घेऊन पहिल्यांदा आलेला माणूस कुठे माती खाणार, हे आता मला डोळे मिटून सांगता येतं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे फोटो फ्लिप करणं. पानावर चेहरा आतल्या बाजूला हवा म्हणून एका डिझायनरने एका स्टेट चॅम्पियन मुलीचा बॅगवर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारतानाचा फोटो सरळ आरशासारखा उलटा करून टाकला. पोरगी साउथपॉ, म्हणजे उजवा पाय न् उजवा हात पुढे, आणि छापून आली डावखुरीची उजवी होऊन. ग्लव्हवरचं कंपनीचं नावसुद्धा उलटं, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. कोचनी अंक हातात घेतला, जरा वेळ बघितलं न् म्हणाले, "ही कोण? आमची तर नाही." मेरी कोम साउथपॉ, फिलिपिन्सचा पॅकियाओ साउथपॉ, अहो ती त्यांची ओळख आहे, ती एका क्लिकमध्ये पुसायची?

म्हणून माझी सवय अशी की एक अख्खा राउंड कॅमेरा खालीच, नुसतं बघायचं पुढचा पाय कुठला. ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे, असेल तर छाती त्याच्या उजव्या अंगाला उघडते, मी तिकडे थोडा पुढे उभा राहतो, साउथपॉ असेल तर दुसऱ्या अंगाला. चुकीच्या बाजूला थांबलात तर जॅबला खांदा हनुवटीपर्यंत येतो न् चेहरा गायब.

दुसरं लाइट. व्हिडिओ बघून येतात, "स्पोर्ट्स आहे, शटर स्पीड १/१००० लाव". अरे पण जिममध्ये जुन्या ट्यूब नाहीतर स्वस्तातले एलईडी, आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, मग एक फ्रेम पिवळट, पुढची हिरवट, मधेच काळे पट्टे, आणि सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर चालू असेल तर अजूनच वाट. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर, म्हणजे उजेडाची ही लुकलुक टाळणारी सोय, असेल तर लावा. नसेल तर हाताला पट्टी गुंडाळणं वगैरे १/१०० वर घ्या न् ठोसे खिडकीजवळच्या बॅगवर, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, बिनधास्त वाढवून. नॉइजला, म्हणजे फोटोतल्या दाण्यांना, घाबरणाऱ्यांनी फुलांचे फोटो काढावेत.

स्पारिंगमध्ये, म्हणजे दोघांच्या सराव-लढतीत, फ्लॅश? बाहेर काढतील, आणि बरोबरच आहे.

फ्रेममध्ये पाय कापू नका. ठोसा पायातून येतो.

तीन मिनिटांचा राउंड संपला की सगळे स्क्रीन बघत बसतात. त्याच एका मिनिटाच्या विश्रांतीत बॉक्सर दोरांवर रेललेला असतो, कोच माउथगार्ड काढून पाणी पाजत असतात, हनुवटीवरून घाम टपकत असतो, आणि हे साहेब झूम करून फोकस तपासतायत!

कॅप्शनचं तर विचारू नका. मायामी बीचच्या फिफ्थ स्ट्रीट जिममधला बीटल्सबरोबरचा तो प्रसिद्ध फोटो लोक "वर्ल्ड चॅम्पियन मुहम्मद अली" म्हणून फिरवतात. फोटो १८ फेब्रुवारी १९६४ चा, तेव्हाचा हेवीवेट वर्ल्ड चॅम्पियन लिस्टन, त्याला हरवलं २५ ला. त्या दिवशी तो कॅशियस क्लेच होता, अली हे नाव नंतरचं; रोमचं १९६० चं ऑलिम्पिक गोल्ड नावावर होतं पण वर्ल्ड टायटल नव्हतं. तेव्हा "चॅम्पियन" लिहायच्या आधी कशाचा, कुठल्या वजनगटात, कुठल्या वर्षी, एवढं कोचना विचारून घ्या, आणि वहीत तिथल्या तिथे लिहा.