मजकुरातील मूल्ये वेगळी करणारे चिन्ह कसे निवडावे आणि कसे हाताळावे

एका ओळीत अनेक मूल्ये लिहून ठेवायची आणि नंतर ती जशीच्या तशी परत मिळवायची, एवढ्यासाठीच डिलिमिटर, म्हणजे मूल्ये वेगळी करणारा विभाजक, असतो. अडचण सुरू होते ती हे चिन्ह मूल्याच्या आतच आले की. नाव, पत्ता, शेरा, वर्णन यांपैकी कोणत्याही रकान्यात स्वल्पविराम येऊ शकतो, आणि तो आला की तीन रकान्यांच्या ओळीत वाचणाऱ्या प्रोग्रामला चार रकाने दिसतात. म्हणून कोणते चिन्ह वापरावे हा प्रश्न दुसरा. ते चिन्ह मूल्यातच आले तर काय करायचे, हा पहिला. त्याचे उत्तर लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या अशा दोन्ही प्रोग्रामांत एकच असेल, तर जवळजवळ कोणतेही चिन्ह चालते. ते ठरलेलेच नसेल, तर क्वचित आढळणारे चिन्हही कधी ना कधी दगा देते.

आधी मूल्ये तपासा

प्रत्येक रकान्यात काय काय येऊ शकते, हे चिन्ह निवडण्यापूर्वी लिहून काढावे. पूर्णांक, ठरावीक नमुन्यातील तारीख किंवा ठरलेल्या अक्षरांचे सांकेतिक क्रमांक अशी मूल्ये बंदिस्त असतात. नोंद घेतानाच त्यांची तपासणी होत असेल, तर विभाजक त्यांत शिरूच शकत नाही. युनिक्समध्ये वापरकर्त्यांची माहिती ठेवणारी ‘पासवर्ड’ नावाची फाइल याच भरवशावर चालते. तिच्या प्रत्येक ओळीत : या चिन्हाने वेगळे केलेले सात रकाने असतात आणि मूल्यात ते चिन्ह घालण्याची सोयच तिथे ठेवलेली नाही. हा मार्ग साधा आणि भक्कम आहे, पण नकार देणारी तपासणी प्रत्यक्षात अस्तित्वात असेल तरच.

माणसाने टाइप केलेला किंवा दुसरीकडून चिकटवलेला मजकूर मात्र खुला असतो. त्यात स्वल्पविराम येतो, अवतरणचिन्ह येते, स्प्रेडशीटमधून उचललेला टॅब येतो आणि अनेक ओळींच्या शेऱ्यात नवी ओळही येते. ‘हे चिन्ह कोण कशाला टाइप करील’ या अंदाजावर अशा रकान्याची व्यवस्था उभी करू नये. संख्यांबाबतही एक सावधगिरी हवी: जर्मनी, फ्रान्स यांसारख्या देशांत दशांश दाखवण्यासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे तेथील संगणकावर एक्सेल रकाने वेगळे करण्यासाठी सहसा अर्धविराम घालते. फाइलीच्या नावाचा शेवट ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामाने वेगळी केलेली मूल्ये) असा असला म्हणून आत स्वल्पविरामच असेल, असे धरून चालू नये.

चिन्ह निवडताना

दुसऱ्या व्यवस्थेशी देवाणघेवाण करायची असेल, तर स्वल्पविराम घ्यावा आणि त्याचे सर्व नियम पाळावेत. कारण त्याला वाचणारी साधने सर्वत्र आहेत. टॅबचा फायदा असा की मजकुरात तो कमी आढळतो. टॅबने वेगळ्या केलेल्या फाइलींच्या अधिकृत व्याख्येत तर मूल्यात टॅब येऊच द्यायचा नाही, असाच नियम आहे. तोटा असा की तो डोळ्यांना दिसत नाही, आणि काही संपादक परस्पर त्याच्या जागी मोकळ्या जागा भरतात. | ही उभी रेघ ठळक दिसते, म्हणून लॉगमध्ये तिचा वापर होतो, पण तिलाही एस्केपचा, म्हणजे मूल्यात आलेले चिन्ह विभाजक नाही हे दर्शवण्याचा, नियम लागतोच.

अ‍ॅस्की या अक्षरसंचात या कामासाठी चार चिन्हे मुळातच राखून ठेवलेली आहेत: २८ ते ३१ या क्रमांकांवर अनुक्रमे फाइल, गट, नोंद आणि घटक वेगळे करणारी. ती कीबोर्डवरून सहज टाइप होत नाहीत आणि साध्या संपादकात नीट दिसत नाहीत, त्यामुळे माणसाने उघडून पाहायच्या फाइलीत त्यांचा त्रासच होतो. दोन प्रोग्रामांच्या आपसांतील व्यवहारात मात्र त्यांचा विचार जरूर करावा, असे मला वाटते.

आपला मजकूर देवनागरीत असेल तर एक शंका हमखास येते: अक्षराच्या बाइटांमध्येच स्वल्पविरामाचा बाइट लपलेला असेल का? यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतप्रणालीत तसे घडत नाही. देवनागरीचे प्रत्येक सांकेतिक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि ते तिन्ही बाइट १२७ च्या वरचे असतात. अ‍ॅस्कीतील चिन्हे त्यांत कधीच सापडत नाहीत. शिफ्ट-जिस या जपानी संकेतप्रणालीत मात्र काही अक्षरांचा दुसरा बाइट बॅकस्लॅशचाच (\ या चिन्हाचाच) असतो, म्हणून तिथे बाइटनिहाय तुकडे करणे धोक्याचे आहे. संकेतप्रणाली कोणती हे आधी ठरवावे आणि मगच तुकडे करावेत.

अवतरणचिन्हांचा नियम

सीएसव्ही फाइली दीर्घकाळ वापरात होत्या, तरी त्यांचे सर्वमान्य लेखी वर्णन नव्हते. ते ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात आले. त्यातील मुख्य नियम असा की ज्या मूल्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल, ते पूर्ण मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे, आणि मूल्यातील प्रत्येक अवतरणचिन्ह दोनदा लिहावे. समजा, आपले मूल्य असे आहे:

लाकडी पट्टी, १२"

यात स्वल्पविराम आहे आणि इंच दाखवणारे अवतरणचिन्हही आहे. क्रमांक आणि नग यांच्या मध्ये ते असे लिहिले जाईल:

१०१,"लाकडी पट्टी, १२""",५

शेवटच्या तीन अवतरणचिन्हांपैकी पहिली दोन मिळून इंचाचे एक चिन्ह होते आणि तिसरे मूल्य बंद करते. ही ओळ केवळ स्वल्पविरामावर तोडली तर चार तुकडे पडतात आणि एकाही तुकड्यात मूळ वर्णन पूर्ण उरत नाही. म्हणून सीएसव्ही वाचण्यासाठी स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराचे, तुकडे करणारे साधे स्प्लिट कधीही वापरू नये; भाषेसोबत येणारी किंवा नावाजलेली लायब्ररी वापरावी. लिहितानाही तेच पाळावे, कारण हाताने स्वल्पविराम जोडत गेलेला प्रोग्राम पहिल्या काही हजार ओळी बरोबर लिहितो आणि चूक पुढे, दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर उघडकीस येते.

याच दस्तऐवजातील दोन बारकावे पुष्कळदा सुटतात. स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा मूल्याचाच भाग मानली जाते, त्यामुळे देखणेपणासाठी ती घालू नये. दुसरे, मूल्यात नवी ओळ येऊ शकत असल्याने फाइलीतील ओळींची संख्या आणि नोंदींची संख्या एकच असेलच असे नाही. ओळी मोजणारी, क्रम लावणारी किंवा ओळीनुसार फाइलीचे तुकडे करणारी साधने अशा फाइलीवर चालवली तर एखादी नोंद मधूनच तुटते. पायथॉनचे सीएसव्ही मॉड्यूल वापरताना फाइल उघडतेवेळी ‘न्यूलाइन’ या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग द्यावी असे त्याच्या माहितीपत्रकात सांगितलेले आहे, तेही याचसाठी: मूल्याच्या आतील ओळबदलात कोणी परस्पर फेरफार करू नये.

बॅकस्लॅशचा नियम

दुसरी पद्धत अशी की मूल्यातील विभाजकापूर्वी \ हे चिन्ह घालावे. मात्र आता बॅकस्लॅशलाही विशेष अर्थ आला, म्हणून मूल्यातला बॅकस्लॅशही दोनदा लिहावा लागतो, आणि इथे क्रमाला फार महत्त्व आहे. लिहिताना आधी बॅकस्लॅश दुप्पट करावेत, मग विभाजकापूर्वी बॅकस्लॅश घालावा. क्रम उलटला, तर विभाजकासाठी नुकताच घातलेला बॅकस्लॅशही दुप्पट होतो आणि विभाजक पुन्हा उघडा पडतो.

वाचताना तर शोधा-आणि-बदलाच्या फेऱ्यांचा उपयोगच नाही. पुढील तीन चिन्हे पाहा:

\\,

याचा अर्थ मूल्याच्या शेवटी एक बॅकस्लॅश आहे आणि त्यानंतर खरा विभाजक आहे. पण ‘\,’ शोधून त्या जागी ‘,’ ठेवणारा प्रोग्राम दुसरा बॅकस्लॅश आणि स्वल्पविराम यांची जोडी जमवतो आणि दोन मूल्ये एकमेकांना चिकटतात. म्हणून डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह वाचत जावे: बॅकस्लॅश दिसला की पुढचे चिन्ह जसेच्या तसे घ्यावे, नुसता विभाजक दिसला की मूल्य संपवावे, आणि अन्य चिन्ह चालू मूल्यात जोडावे. हा प्रोग्राम जेमतेम वीस ओळींचा होतो. ओळीच्या अगदी शेवटी एकटा बॅकस्लॅश उरला, तर तो गिळून न टाकता चूक म्हणून कळवावा.

चिन्हाऐवजी लांबी

मूल्यात खरोखर काहीही येऊ शकत असेल, तर मूल्यापूर्वी त्याची लांबी लिहिणे सर्वांत निर्धोक ठरते. डॅनियल बर्नस्टाईन यांनी १९९७ मध्ये मांडलेली नेटस्ट्रिंग ही रचना याचे सुबक उदाहरण आहे: आधी लांबी, मग अपूर्णविराम, मग मूल्य आणि शेवटी स्वल्पविराम. प्रत्यक्षात लांबीचे आकडे अ‍ॅस्कीत लिहितात. इथे ते देवनागरीत दाखवले आहेत.

१८:नमस्ते,

लांबी बाइटांत मोजायची असते. ‘नमस्ते’ वाचताना तीन अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये त्यांची सहा सांकेतिक चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. अक्षरे मोजून लांबी लिहिणारा प्रोग्राम इंग्रजी मजकुरावरच्या चाचण्या उत्तीर्ण होतो आणि मराठीवर लगेच कोलमडतो.

फाइलींच्या नावांसाठी याहून सोपा मार्ग आहे. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात शून्य क्रमांकाचा बाइट आणि तिरकी रेघ वगळता काहीही, अगदी नवी ओळसुद्धा, चालते. म्हणून नावांची यादी एका आज्ञेतून दुसरीला देताना ‘फाइंड’चा ‘-प्रिंट०’ आणि ‘एक्सआर्ग्स’चा ‘-०’ हे पर्याय जोडीने वापरावेत. मग प्रत्येक नाव शून्य बाइटने संपते आणि गोंधळाला जागाच राहत नाही.

रिकामी मूल्ये

विभाजक मूल्यांच्या मध्ये येतो की प्रत्येक मूल्याच्या शेवटी, हे स्पष्ट लिहून ठेवावे. मध्ये येत असेल, तर एकही मूल्य नसलेली यादी आणि एकच रिकामे मूल्य असलेली यादी या दोन्ही रिकामी स्ट्रिंग म्हणूनच लिहिल्या जातात, आणि वाचताना त्यांतला फरक कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. प्रत्येक मूल्य चिन्हाने संपवले, तर पहिली यादी रिकामी राहते, दुसरीत एक चिन्ह दिसते आणि प्रश्न सुटतो.

भाषांचे स्प्लिटही येथे एकसारखे वागत नाहीत. जावाचे स्प्लिट शेवटची रिकामी मूल्ये गाळून टाकते. ती हवी असतील तर मर्यादेच्या जागी ऋण संख्या द्यावी लागते. शिवाय ते विभाजकाला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधण्याचा नमुना, समजते आणि त्यात उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’ असा असल्याने, एस्केप न केलेली रेघ दिल्यास स्ट्रिंगचे चिन्हागणिक तुकडे होतात. पायथॉनच्या स्प्लिटला विभाजक दिलाच नाही, तर लागोपाठच्या मोकळ्या जागा एकच मानल्या जातात. एक मोकळी जागा दिली, तर प्रत्येक जागेवर तुकडा पडतो. मूल्य माहीत नाही आणि मूल्य रिकामे आहे, यांतला भेद तर सीएसव्हीत मुळातच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सीएसव्ही आयात प्रकार अवतरणचिन्हांविना आलेल्या रिकाम्या जागेला नल (माहीत नसलेले मूल्य) आणि "" ला रिकामी स्ट्रिंग मानतो, पण दुसरी साधने तसे करतीलच असे नाही.

डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या एसक्यूएल या भाषेत मजकुराभोवतीचे ' हे चिन्हही डिलिमिटरच आहे. वापरकर्त्याने दिलेला मजकूर जोडून आज्ञा तयार केली, तर त्या मजकुरातील एक ' मूल्य तिथेच बंद करतो आणि पुढचा भाग आज्ञा म्हणून चालवला जातो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. येथे एस्केप स्वतः लिहू नये. मूल्ये पॅरामीटर म्हणून आज्ञेपासून वेगळी पाठवावीत, म्हणजे मूल्य आणि आज्ञा यांची सरमिसळच होत नाही.

चाचणी

व्यवस्था तयार झाली की मूल्ये लिहून परत वाचावीत आणि मूळ यादीशी तंतोतंत ताडून पाहावीत. चाचणीसाठी मुद्दाम अवघड मूल्ये घ्यावीत: रिकामी स्ट्रिंग, नुसता विभाजक, विभाजकाने सुरू होणारे व संपणारे मूल्य, एकटे अवतरणचिन्ह, शेवटी बॅकस्लॅश असलेले मूल्य, नवी ओळ असलेले, मागेपुढे मोकळी जागा असलेले आणि देवनागरी. वर्ड प्रोसेसरमधून येणारी “ आणि ” ही वाकडी चिन्हेही घ्यावीत, ती " पेक्षा वेगळी असल्याने पार्सरने, म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रामने, त्यांना साधा मजकूर मानायला हवे.

दुसऱ्याकडून आलेली फाइल वाचताना प्रत्येक नोंदीतील रकाने मोजावेत. संख्या जुळली नाही, तर उणे रकाने रिकाम्या मूल्यांनी भरू नयेत आणि जास्तीचे गुपचूप टाकूनही देऊ नयेत. नोंदीचा क्रमांक, अपेक्षित संख्या आणि मिळालेली संख्या सांगून तिथेच थांबावे, म्हणजे फाइल पाठवणाऱ्याला नेमकी ती नोंद उघडून दुरुस्त करता येते.