कढीपत्त्यावरची अळी मारू नका, घराजवळ फुलपाखरं अशीच वाढतात

फुलपाखरं यावीत म्हणून आपण नर्सरीतून फुलझाडं आणतो, पेंटास, एक्झोरा, झेंडू, आणि फुलपाखरं येतातही, पण मध पितात आणि जातात. ती आपल्याकडे वाढायला हवी असतील तर त्यांना पानं द्यावी लागतात. प्रत्येक जातीची अळी ठराविक झाडांचीच पानं खाते, त्यामुळे मादी अंडी घालायला तेच झाड शोधत फिरते. म्हणजे पहिली तयारी मनाची, झाड खाल्लं जाणार हे आधीच मान्य करायचं.

सुरुवात कढीपत्त्यापासून करा. किंवा लिंबापासून, दोन्ही एकाच कुळातली. बारा-चौदा इंचाची कुंडी, चार-पाच तास ऊन, बास. कुणाकडे मोठं झाड असेल तर त्याच्या मुळातून फुटलेलं पिल्लू मागून आणा, ते सगळ्यात बरं, कारण नर्सरीच्या रोपावर बऱ्याचदा फवारणी झालेली असते आणि अळ्या त्यानेच मरतात. नर्सरीतूनच आणलं असेल तर जुनी पानं छाटून टाका आणि नवी पालवी येईपर्यंत थांबा, तसंही मादीला कोवळं पानच आवडतं.

या दोन झाडांवर मुख्यतः कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय येतात. लिंबूवर्गीय झाडांवर ब्लू मॉरमॉन पण येतं, काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं ते मोठं फुलपाखरू, महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं. कोकण आणि सह्याद्रीच्या बाजूला राहत असाल तर चान्स जास्त.

अंडं मोहरीपेक्षा लहान, गोल, फिकट पिवळं, एकेकटं चिकटवलेलं. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते, तपकिरी-पांढरी, म्हणूनच लोक तिला पुसून टाकतात!! प्लीज नका पुसू. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि पानात दिसेनाशी होते, मग शोधायची असेल तर खाली कुंडीत काळ्या गोळ्या पडल्यात का बघा, ती तिची विष्ठा, तिच्या बरोबर वर कुठेतरी ती असते. हात लावला तर डोक्यामागून लाल-केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, घाबरू नका, काही होत नाही. खाज येते ती केसाळ सुरवंटाने, या अळ्या गुळगुळीत असतात.

साधारण दोन आठवडे ती खात सुटते. छोट्या झाडावर चार-पाच अळ्या असतील तर झाडाच्या नुसत्या काड्या उरतात, पण कढीपत्ता चिवट आहे, परत फुटतो, फक्त स्वयंपाकासाठी दुसरी कुंडी ठेवा, म्हणजे घरात भांडणं नाहीत. कडुनिंबाचं तेलसुद्धा या झाडावर मारू नका, सेंद्रिय असलं तरी अळीला ते मारकच. मावा पडला तर पाण्याच्या धारेने धुवा, पण आधी अंडी-अळ्या बघून घ्या.

कोष करायच्या आधी अळी खाणं बंद करते, पातळ शी करते आणि चालायला लागते, कधी झाड सोडून ग्रिलवर, कधी भिंतीवर जाऊन कोष करते, तेव्हा ते दिवस झाडू मारताना जरा बघून मारा. आठ-दहा दिवसांनी कोषाच्या आतून पंखांचा रंग दिसायला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. पंख वाळायला तासभर तरी लागतो, तोपर्यंत अजिबात हात लावायचा नाही.

सगळ्या अळ्या जगणार नाहीत हेही सांगतो. मुंग्या अंडी नेतात, बुलबुल आणि शिंपी पक्षी अळ्या उचलतात, आणि छोट्या गांधीलमाशा कोषात अंडी घालतात, मग कोषाला बारीक भोक दिसतं आणि फुलपाखरू निघतच नाही. वाईट वाटतं खूप, पण शिंप्याच्या पिल्लांना पण त्याच अळ्या लागतात, त्यामुळे मी झाडाला जाळी लावत नाही.

जागा असेल तर पुढची झाडं: सीताफळ किंवा सोसायटीच्या गेटजवळचा तो उंच सरळ अशोक, त्यावर 'टेल्ड जे' नावाचं हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू येतं. कण्हेरीवर कॉमन क्रो, त्याचा कोष चांदीसारखा चकचकीत असतो, एकदा तरी बघाच. रुईवर प्लेन टायगर, रुईतलं विष अळी अंगात साठवते म्हणून पक्षी त्या फुलपाखराला टाळतात. रुई आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत, लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर घरात नको, रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेला टाकळा आपोआप उगवतो, त्यावर छोटी पिवळी ग्रास यलो वाढतात, माळीकाकांना सांगून एक कोपरा दिवाळीपर्यंत न कापता ठेवा.

आणि एका ताटलीत ओली माती ठेवा, चिमूटभर मीठ टाकून, नर फुलपाखरं त्यातले क्षार शोषायला बसतात. ऊन पडेल अशा जागी ठेवायची, माती ओली हवी पण वर पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर डास होतील.