सेकंड लाइफमध्ये अडकलेल्या नवख्याला कशी मदत करावी

सेकंड लाइफ हे आभासी जग लिंडन लॅबने २००३ च्या जूनमध्ये लोकांसाठी खुले केले. इतक्या वर्षांत त्यात पुष्कळ बदल झाले, पण पहिल्या दिवशीची गत तीच आहे. नवा माणूस उतरतो, त्याला स्वतःच्या जागी धुराचा लोट दिसतो, हातात कसलासा खोका चिकटलेला असतो आणि तो चॅटमध्ये लिहितो : "मदत करा". मग आजूबाजूचे चारजण एकदमच सांगू लागतात. एक म्हणतो कॅश (कॉम्प्युटरवर साठवून ठेवलेली चित्रे) पुसून टाक, दुसरा म्हणतो व्ह्यूअर (हे जग दाखवणारा प्रोग्रॅम) नव्याने बसव, तिसरा त्याच्या कॉम्प्युटरलाच नावे ठेवतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार.

म्हणून उपाय सांगण्याआधी बिघाड कुणाच्या बाजूला आहे ते ठरवा. तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की भागते.

१. कोणता व्ह्यूअर वापरता? लिंडन लॅबचा अधिकृत, फायरस्टॉर्म की आणखी कुठला? मेनू प्रत्येकात वेगळे असतात. तुम्ही अधिकृत व्ह्यूअरचे सांगताय आणि तो फायरस्टॉर्ममध्ये शोधतोय, यात अर्धा तास सहज जातो.
२. नेमके काय दिसते? "चालत नाही" हे उत्तर धरू नका. पडद्यावर आलेला संदेश शब्दशः चॅटमध्ये उतरवायला सांगा.
३. तेच मला दिसते का? हे त्याला विचारायचे नाही, तुम्ही स्वतः पाहायचे. या जगात प्रत्येकाचा व्ह्यूअर आपापले चित्र रंगवतो. तो तुम्हाला नीट दिसतोय आणि स्वतःला मात्र धूसर दिसतोय, तर दोष त्याच्या व्ह्यूअरचा किंवा नेटचा. सगळ्यांनाच तो धूर दिसतोय, तर दोष त्याच्या अवताराचा, म्हणजे या जगातल्या त्याच्या रूपाचा. जवळच्या सगळ्यांनाच सगळे अडखळत दिसतेय, तर दोष त्या जागेचा. तिथे त्याच्या कॉम्प्युटरला हात लावण्यात अर्थ नाही.

आणखी एक. साधे चॅट २० मीटरपर्यंतच पोचते, ओरडून लिहिले तर १०० मीटर. "कुणी बोलतच नाही" अशी तक्रार असेल तर बरेचदा तो चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. त्याला खासगी संदेश पाठवा आणि टेलिपोर्ट देऊन शेजारी बोलवा.

अवताराचा धूर झाला आहे

अवताराचे कातडे, डोळे, टॅटू, अंगाला चिकटलेले साधे कपडे हे थर एकत्र करून त्यांचे एक चित्र बनवावे लागते. याला बेकिंग म्हणतात आणि २०१३ पासून हे काम सर्व्हरवर होते. त्यासाठी चार गोष्टी अंगावर असायलाच हव्यात : शेप (शरीराचा आकार), स्किन (कातडे), आइज (डोळे) आणि हेअर बेस (केसांचा मूळ थर). डोक्यावर वेगळे घेतलेले सुंदर केस असले तरी हेअर बेस वेगळा लागतोच. चारांतला एक जरी निसटला की बेकिंग अडते आणि माणूस धूरच राहतो. नवखे लोक कपडे बदलताना नेमका हाच एखादा काढून टाकतात.

उपाय हलक्यापासून जडाकडे जा :

आधी दोन-तीन मिनिटे थांबा. नुकताच आत आलेला माणूस धूर असणे हा बिघाड नव्हे. नंतर कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकत्र दाबायला सांगा. याने बेकिंग पुन्हा होते. तरीही फरक नाही, तर ग्रुपचा टॅग (नावाबरोबर दिसणारी ग्रुपची पाटी) बदलून पाहा. चमत्कारिक वाटेल, पण त्याने अवताराची माहिती सर्व्हरकडे नव्याने जाते आणि कधीकधी तेवढ्यावर काम होते. तेही फसले तर इन्व्हेंटरी (त्याच्या सगळ्या सामानाची यादी) उघडून खालच्या लायब्ररीत क्लोदिंग, त्यात इनिशियल आउटफिट्स, त्यातला कोणताही एक संच निवडून उजवी क्लिक आणि "रिप्लेस करंट आउटफिट". या संचात चारही आवश्यक गोष्टी असतात, म्हणून हा उपाय सहसा फसत नाही. माणूस दिसू लागला की त्याचे आवडते कपडे एकेक करून चढवा. ज्यापाशी पुन्हा धूर होईल तो गुन्हेगार.

हात-पाय वेडेवाकडे ताणले गेले असतील, तर ते बेकिंगचे दुखणे नाही. अवतारावर उजवी क्लिक करून "रिसेट स्केलेटन" निवडावे. पाय जमिनीत रुतले असतील तर तिथेच "हॉवर हाइट" मिळते. तिची पट्टी थोडी वर सरकवली की झाले.

हाताला चिकटलेला खोका

ही नवख्याची खूणच म्हणा. दुकानातून घेतलेले कपडे बहुधा खोक्यात येतात, आणि त्याने खोक्यावरच "वेअर" केलेले असते. हसू नका, सगळ्यांचे होते. मार्केटप्लेसवरून (सेकंड लाइफच्या ऑनलाइन बाजारातून) मागवलेली वस्तू इन्व्हेंटरीच्या "रिसीव्हड आयटम्स" या फोल्डरमध्ये उतरते, हेही त्याला माहीत नसते. आधी ते दाखवा.

हातातल्या खोक्याला आधी एक क्लिक करून पाहायला सांगा. हल्लीचे बरेच खोके अंगावर घेऊनच उघडायचे असतात. क्लिक केले की ते आतला माल फोल्डर करून देतात. तसे काही झाले नाही तर खोक्यावर उजवी क्लिक करून "डिटॅच". मग :

१. सर्चमध्ये "सँडबॉक्स" (वस्तू मांडून पाहण्याची खुली जागा) शोधून अशा एका जागी टेलिपोर्ट करा, कारण वस्तू जमिनीवर ठेवायची परवानगी सगळीकडे नसते.
२. कंट्रोल आणि आय दाबून इन्व्हेंटरी उघडा. खोका माउसने ओढून जमिनीवर सोडा. परवानगी नसल्याचा संदेश आला तर पार्सल (जमिनीचा तुकडा) चुकले आहे, खोका नव्हे.
३. खोक्यावर उजवी क्लिक, "ओपन", मग "कॉपी टु इन्व्हेंटरी". शेजारी कपडे लगेच अंगावर चढवणारे बटण असते, ते दाबू नका. सगळे रंग, सगळी मापे आणि सूचनापत्रकासकट सारा पसारा एकदम अंगावर येतो.
४. इन्व्हेंटरीत नवे फोल्डर आले का, त्यात वस्तू आहेत का ते पाहा. मगच खोका हटवा. कॉपी न होणारा माल खोक्यातून निघून इन्व्हेंटरीत जातो, त्याची दुसरी प्रत मागे राहत नाही.

खोका सँडबॉक्समध्ये विसरला आणि दुसऱ्या दिवशी सापडत नाही? अशा जागा काही तासांनी वस्तू परत पाठवतात. ती इन्व्हेंटरीच्या "लॉस्ट अँड फाउंड" फोल्डरमध्ये पडलेली असते. रडत आलेल्या दहांतल्या बऱ्याचजणांची वस्तू तिथेच निघते.

टोपी घातली आणि केस गेले

इन्व्हेंटरीत वस्तूवर डबल क्लिक केले की ती "वेअर" होते, म्हणजे त्याच जागी आधी जे असेल ते काढून बसते. केस आणि टोपी दोन्ही कवटीला जोडलेली असली की केस उतरणारच. यावर औषध एकच : उजवी क्लिक करून "ॲड". नवख्याला पहिल्या दिवशी एवढी एक गोष्ट शिकवली तरी पुढचे पन्नास प्रश्न वाचतात.

कपडे अंगात घुसतात, कातडी बाहेर डोकावते, याचे कारण निराळे. आजकाल बहुतेकजण मूळ शरीरावर मेश शरीर (वेगळे घडवलेले, तयार मिळणारे शरीर) चढवतात आणि कपडे त्या-त्या मेश शरीराच्या मापाने शिवलेले असतात. मैत्रेया लारा या मेश शरीरासाठीचा झगा दुसऱ्या शरीरावर बसणार नाही, मग शेपच्या पट्ट्या कितीही ओढा. विकत घेण्याआधी पाकिटावर आपल्या शरीराचे नाव आहे का ते वाचावे, आणि डेमो फुकट किंवा एका लिंडन डॉलरला (हे तिथले चलन) मिळतो तो घालून पाहावाच. मूळ शरीर मेशमधून डोकावत असेल तर शरीराबरोबर आलेला पूर्ण अंगाचा अल्फा थर (मूळ शरीर अदृश्य करणारा) घातलेला नाही, असे समजावे.

अडखळते, गोठते, करडे दिसते

इथे सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले दिले जातात. कंट्रोल, शिफ्ट आणि १ दाबले की आकडेवारीची पट्टी उघडते. त्यातले चार आकडे वाचायला सांगा.

टाइम डायलेशन (त्या जागेचा सर्व्हर किती वेगाने चालतोय) १ च्या जवळ असायला हवे. ते ०.९ च्या खाली घसरले असेल तर ते रीजनच (या जगाचा तो भाग) दमले आहे. दुसरीकडे जा, एवढाच उपाय. पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी माहिती) शून्य हवा. तो सतत एकाच्या वर असेल तर वायफाय किंवा राउटर तपासा, शक्य असेल तर केबल लावून पाहा. पिंगचे (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचे) मात्र भारतातून खेळणाऱ्यांनी मनावर घेऊ नये. हे जग अमेरिकेतल्या सर्व्हरवर चालते, त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत बसून २०० ते ३०० मिलिसेकंद दिसणे स्वाभाविक आहे. दार उघडायला अर्धा क्षण उशीर होईल, बाकी काही बिघडलेले नसते.

चौथा आकडा एफपीएस, म्हणजे सेकंदाला रंगवलेली चित्रे. तो १५ च्या खाली आणि बाकी तिन्ही ठीक, म्हणजे ओझे त्याच्या ग्राफिक्स कार्डावर आहे. कंट्रोल आणि पी दाबून ग्राफिक्सच्या पानावर जा. ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचे दिसावे ते अंतर) ६४ मीटरवर आणा. अंतर दुप्पट केले की दिसणारे क्षेत्र चौपट होते, म्हणून या एका पट्टीचा परिणाम सगळ्यांत मोठा. सावल्या बंद करा. अवतारांची कमाल कॉम्प्लेक्सिटी (किती गुंतागुंतीचे अवतार पूर्ण रंगवायचे ती मर्यादा) खाली ओढा. याने काही लोक एकरंगी बाहुल्यांसारखे दिसतील. ते लोक बिघडलेले नाहीत, त्याच्या व्ह्यूअरने त्यांचे दागदागिने रंगवायचे टाळले आहे, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तोच प्रश्न उद्या नव्याने येईल.

भिंती आणि चेहरे करडे असतील तर चित्रे अजून उतरत आहेत. ऑल्ट दाबून त्या वस्तूवर क्लिक केले की कॅमेरा तिथे जातो आणि तिचे चित्र आधी येते. परत येण्यासाठी एस्केप. कॅश पुसणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे : कॅश पुसली की आधी उतरवलेले सगळे पुन्हा उतरवावे लागते आणि करडेपणा वाढतो. त्याऐवजी अँटिव्हायरसला कॅशचे फोल्डर वगळायला सांगावे. प्रत्येक चित्र तपासत बसल्याने पुष्कळ कॉम्प्युटर अकारण हळू होतात.

इन्व्हेंटरीतल्या वस्तूंची संख्या अचानक घटली तर घाबरून काही हटवू नये. एखाद्या शांत रीजनमध्ये जाऊन इन्व्हेंटरीच्या शोधपट्टीत दोन-चार अक्षरे टाइप करावी आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहावी. बहुधा यादी अर्धवटच उतरलेली असते. एखाद्या जागी आत येतानाच व्ह्यूअर बंद पडत असेल, तर लॉगिनच्या पानावर "शेवटची जागा" ऐवजी पूली किंवा स्मिथ अशा शांत रीजनचे नाव लिहून आत यावे.

घराबाहेर काढले, पैसे मागितले

उडताना कुणाच्या घरावर गेले की "दहा सेकंदांत निघा" असा संदेश येतो आणि माणूस फेकला जातो. ते घरमालकाने लावलेले रखवालदार यंत्र असते. शिक्षा वगैरे नाही, खात्यावर डाग नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एच दाबले की तो आपल्या ठरलेल्या घरी पोचतो.

पैशाचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. एखादी वस्तू "तुमच्या खात्यातून लिंडन डॉलर काढण्याची परवानगी द्या" असे विचारते, तेव्हा नवखा सवयीने होकार देतो. ही परवानगी फक्त स्वतःच्या विक्रीयंत्राला किंवा भाडेयंत्राला लागते. कपड्याने, नाच सुरू करणाऱ्या चेंडूने, भेटवस्तूच्या खोक्याने मागितली तर ठाम नकार. तसेच चॅटमध्ये आलेल्या दुव्यावर जाऊन पासवर्ड भरू नये, मग दुवा ओळखीच्या माणसाने पाठवलेला का असेना. त्याचे खाते आधीच गेलेले असू शकते. दुहेरी पडताळणी खात्याच्या संकेतस्थळावरून सुरू करता येते, ती पहिल्याच दिवशी करून घ्यावी. आणि मदत करणाऱ्याने कधीही, कोणत्याही कारणाने पासवर्ड मागू नये. "मी आत जाऊन बघतो" असे म्हणणारा मदतनीस नव्हे.

छळणारा भेटला तर वाद न घालता त्याच्यावर उजवी क्लिक करून "ब्लॉक", आणि हेल्प मेनूतून तक्रार.

घड्याळ

कार्यक्रमांच्या वेळा एसएलटीमध्ये लिहिलेल्या असतात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची वेळ. भारतीय वेळ काढायची तर तिकडच्या उन्हाळी वेळेत १२ तास ३० मिनिटे मिळवा, हिवाळ्यात १३ तास ३० मिनिटे. संध्याकाळी ७ ची मैफल म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात किंवा साडेआठ. सर्व्हरची देखभाल सहसा मंगळवारी आणि बुधवारी तिकडच्या सकाळी होते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ ते रात्र. त्या वेळी "हे रीजन पुन्हा सुरू होत आहे" असा इशारा आला, तर हातातली वस्तू इन्व्हेंटरीत परत घ्यायला सांगा आणि त्याला शेजारच्या रीजनवर टेलिपोर्ट द्या. तिथेच थांबला तर तो बाहेर फेकला जाईल आणि पुन्हा तुम्हालाच विचारेल की नेट गेले का.