सोलापूरच्या हवेत घरचं सुतारकाम: या चुका टाळा

ऑगस्टमध्ये दार चौकटीत अडकायला लागलं की पहिला हात रंध्याकडे जातो. नाहीतर मिस्त्रींना निरोप जातो, "मामा, दार घासतंय, तेवढं तासून द्या." तासल्यावर दार लोण्यासारखं बंद होतं, सगळे खूश. मग मार्च-एप्रिल येतो, त्याच दाराच्या कडेला बोटभर फट पडते, कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही आणि दुपारची झळ फटीतून सरळ घरात येते. यात दाराचा दोष नव्हता, तासायची वेळ चुकली.

सोलापुरात लाकडाचं कोणतंही काम हातात घेताना आधी इथली हवा समजून घ्यावी लागते. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर आणि हवा कोरडीठाक. पाऊस सुरू झाला की तीच हवा दमट. लाकूड मेलं तरी हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं. कडक उन्हाळ्यात घरातल्या लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो आणि पावसाळ्यात १२ ते १४ टक्क्यांवर चढतो. या चढउतारात लाकूड लांबीला, म्हणजे रेषांच्या दिशेनं, जवळपास हलत नाही. हलतं ते रुंदीला. हा हिशेब न धरता केलेलं काम पहिल्या वर्षी छान दिसतं आणि दुसऱ्या वर्षी तक्रार करतं.

दार अडकतं तेव्हा आधी कारण शोधा

दार अडकण्याची कारणं तीन, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. दार अर्धं उघडा, मूठ धरून वर उचलून बघा. थोडंसं जरी वर सरकलं, तर बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. अशा दाराची वरची कड कुलपाच्या बाजूला घासते आणि वरच्या बिजागरीपाशी फट दिसते. इथे रंधा मारणं म्हणजे दार फुकट लहान करणं. सैल स्क्रू काढा, भोकात सागवानाची काडी गोंद लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, मग बारीक भोक पाडून स्क्रू पुन्हा पिळा. आगपेटीच्या काड्या कोंबून काम चार महिने चालतं, पुढे तीच रड.

बिजागरी घट्ट आहे, पण दार कडेला वरपासून खालपर्यंत घासतंय आणि तेही फक्त पावसात, तर ते फुगलंय. त्याला हात लावू नका. घासणाऱ्या जागी मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळा आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर बघा. तेव्हाही घासत असेल तरच तासा, तेही घासल्याच्या खुणेपुरतं. तासल्यावर दार उतरवून वरची आणि खालची कड रंगवून घ्या. या दोन कडा जवळपास प्रत्येक घरात कोऱ्या राहिलेल्या असतात, कारण त्या कुणाला दिसत नाहीत. ओलावा मात्र तिथूनच सगळ्यात जास्त आत शिरतो, कारण दाराच्या उभ्या पट्ट्यांची तोंडं तिथे उघडी असतात.

तिसरं कारण काळ्या मातीचं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर त्या हालचालीत चौकट तिरकी होते. टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. मापं सारखी आली तर दोष लाकडात आहे. त्यांत चांगलाच फरक असेल, आणि चौकटीच्या कोपऱ्यातून गिलाव्यात तिरकी भेग निघालेली असेल, तर सुताराचं काम संपलं. भेगेच्या टोकाला पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. भेग पुढे सरकते का ते बघा आणि इंजिनिअरला बोलवा. पायाशेजारी न्हाणीचं पाणी मुरत असेल तर ते आधी लांब काढा. तिरक्या चौकटीत बसावं म्हणून दार तिरकं कापणारे लोक आहेत. पुढच्या मोसमात चौकट पुन्हा हलते आणि हाती तिरकं दार राहतं.

वखारीतून आणलं आणि लगेच कापलं

लाकूड बाहेरून कोरडं दिसलं म्हणजे आतून सुकलेलं असतंच असं नाही. घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. त्याच लाकडाचा हातभर तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला, वजन त्याच्यावरच लिहा आणि सावलीत ठेवा. आठवड्याने पुन्हा तोला. वजन उतरत असेल तर लाकूड अजून ओलं आहे. दोन-तीन वेळा तेच वजन आलं की कापायला घ्या. ओलावा मोजायचं छोटं यंत्रही मिळतं. ८ ते १० टक्के दाखवत असेल तर आपल्याकडच्या फर्निचरला ते चालेल.

लवकर सुकावं म्हणून फळ्या मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाकू नका. वरचा थर भराभर आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि टोकांपासून तडे जातात. फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचा, प्रत्येक दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या एकाखाली एक ठेवा आणि टोकांना ऑइल पेंट फासा. वेळ लागतो, पण तडकलेली फळी कशानेच जुळत नाही.

जुन्या पेठांत वाडे उतरवले जातात तेव्हा सागवानी तुळया, खांब, तक्तपोशीच्या फळ्या विकायला निघतात. माझं मत विचाराल तर असं लाकूड मिळत असताना नव्याकडे बघू नका. कित्येक दशकं इथल्याच हवेत राहिल्यानं ते पुरतं सुकलेलं असतं. फक्त घेताना हातोडीनं वाजवून बघा. पोकळ, बद्द आवाज आला तर आतून वाळवीनं खाल्लंय. करवत लावण्याआधी पूर्ण लांबीवरून लोहचुंबक फिरवा, कारण आत मोडलेले खिळे असतात आणि एक खिळा नवं पातं घालवतो. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून घरभर धूळ करू नका. मास्क लावा, पाणी मारून घासा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

टेबलाचा तक्ता जखडून टाकणं

हौसेनं केलेल्या कामात सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. तीन फूट रुंद सागवानी तक्ता, ओंडका नेहमीसारखा सरळ चिरून काढलेल्या फळ्यांचा, ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तर रुंदीला सुमारे एक सेंटिमीटर हलतो. खालची चौकट मात्र त्या दिशेनं हलत नाही, कारण तिच्या आडव्या पट्टीची लांबी तिथे येते. तक्ता गोंद लावून आणि स्क्रू पिळून चौकटीला पक्का केला, की तो आकसताना मधोमध फाटतो. फाटल्यावर लोक फटीत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरतात. पावसाळ्यात तक्ता फुगतो, भरलेली फट मिटायला जागा नसते, आणि जोड दुसरीकडून उकलतो.

उपाय साधा आहे. मधला स्क्रू पक्का करा, बाकीच्या स्क्रूंसाठी चौकटीत रुंदीच्या दिशेनं लांबट भोकं पाडा आणि वॉशर घालून स्क्रू बेताचा पिळा. गोंद अजिबात लावू नका. तक्ता आधीच फाटला असेल तर सगळे स्क्रू सोडा, काही दिवस मोकळा ठेवा. बऱ्याचदा फट अर्ध्यावर येते. मग तो जोडाच्या रेषेवर चिरून पुन्हा चिकटवा आणि या पद्धतीनं बसवा.

गोंद, मायका आणि कूलर

एप्रिल-मेमध्ये दुपारी पांढरा फेविकॉल फळीवर पसरलात, की काही मिनिटांत त्याच्यावर साय धरते. दुसरी फळी ठेवेपर्यंत तो चिकटायच्या पलीकडे गेलेला असतो. बोट टेकवून बघा. बोटाला गोंद लागला नाही तर खरवडून काढा आणि नवा लावा. उन्हाळ्यात ही कामं सकाळी ऊन चढायच्या आत करा आणि फळ्या आदल्या रात्रीपासून घरातच ठेवा. घट्ट वाटतो म्हणून गोंदात पाणी घालू नका, त्यानं जोडाची ताकद जाते. क्लॅम्प किंवा वजन किमान रात्रभर हलवू नका, आणि जोडावर पूर्ण भार चोवीस तासांनंतरच टाका.

प्लायला बाहेरून १ मिमी मायका लावला आणि आतली बाजू कोरी सोडली तर दार धनुष्यासारखं वाकतं. कोरी बाजू ओलावा घेते-सोडते, मायक्याची बाजू नाही. आतूनही पातळ, ०.८ मिमीचा मायका लावा. वाकलेल्या दाराला मागून लोखंडी पट्टी मारून सरळ करायचा प्रयत्न फारसा टिकत नाही. मायक्याला फुगा आला असेल आणि काम रबरी सोल्युशननं केलेलं असेल, तर वर सुती कापड ठेवून इस्त्री बेतानं फिरवा आणि लगेच वजन ठेवा. बहुतेक वेळा तो बसतो.

आणि कूलर. बाहेर हवा कोरडी असताना कूलरच्या समोरचं कपाट मात्र दोन-तीन महिने पावसाळ्यात उभं असतं. प्लायची कड फुगणं, कडेची लाकडी पट्टी (लिपिंग) उकलणं, खण अडकणं, हे सगळं त्या एका कपाटात होतं आणि शेजारचं ठीक असतं. कपाट सरकवता येत नसेल तर कूलरचा झोत तरी वळवा आणि प्रत्येक उघडी कड बंद करून घ्या.

स्वयंपाकघरातला प्लाय

आपल्या शहराला दिवसांआड पाणी भरून ठेवायची सवय आहे. पाणी आलं की पिंपं, घागरी, बादल्या, आणि फरशी ओली. अशा घरात ट्रॉलीचा सांगाडा थेट फरशीवर उभा करणं म्हणजे तो खालून कुजवणं. प्लॅस्टिकचे पाय लावा किंवा खाली कडप्प्याचा चार इंची ओटा करून त्यावर बसवा. प्लाय घेताना दुकानदाराच्या 'वॉटरप्रूफ'वर जाऊ नका, शिक्का वाचा. एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, तो बेडरूमला ठीक. सिंकखाली आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाणी सोसणारा मरीन प्लाय घ्या. पैसे कमी असतील तर सिंकखालचा आणि पिंपाशेजारचा भाग ७१०चा करा, बाकीचा हलका चालेल. माझ्या मते सिंकखाली लाकूड नसलेलंच बरं. कडप्प्याचे कप्पे तिथे कित्येक वर्षं काही मागत नाहीत.

भिंतीवरची फळी खाली येते

स्क्रू लहान असला की गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकायची खुंटी, फक्त गिलाव्यात बसते, आणि आतला गिलावा जेमतेम १२ ते १५ मिमी जाड असतो. गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत गेली पाहिजे, म्हणून स्क्रू किमान ५० मिमी घ्या आणि भोकातली भुकटी फुंकून काढा. जुन्या घरांत दगड आणि मातीच्या भिंती असतात. दगडांमधल्या सांध्यात गिट्टी कितीही मोठी घाला, ती धरत नाही. ड्रिल मऊसूत आत गेलं तर समजा सांधा लागला, भोक बदला आणि दगडातच पाडा. पुस्तकांचं किंवा भांड्यांचं वजन असेल तर अशा भिंतीवर विसंबू नका, मांडणी जमिनीवर उभी करा आणि भिंतीला फक्त टेकवून अडकवा.

वाळवी की टोका?

लाकडावर किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. ती जमिनीतून येते, त्यामुळे फक्त लाकडावर औषध मारून उपयोग नाही, चौकटीच्या बुडाशी आणि फरशीच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडावं लागतं. मातीचा पत्ता नाही, पण टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी पडतेय, तर तो टोका, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. आंब्याच्या लाकडात आणि बांबूत हमखास. तिथे भोकांतच औषध सोडा आणि वरून पॉलिश करून भोकं बंद करा. रॉकेल फासणं दोन्हीकडे तात्पुरतं, वास गेला की किडे परत येतात. वर आग लागायचा धोका वेगळाच.

ज्या चुकीला दुरुस्ती नाही

चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. स्वस्तात काम होतं म्हणून हे सर्रास चालतं. ग्राइंडर मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतो, दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळून अंगावर येतं, आणि लाकडासाठी लागणारा गार्ड त्याला नसतो. चकती सँडिंगची लावा, कापायला सर्क्युलर सॉ किंवा साधी हातकरवत घ्या. फिरणाऱ्या मशीनजवळ गळ्यात टॉवेल-उपरणं, ओढणी किंवा हातात सुती मोजे नकोत. ते गुंडाळले जातात आणि हाताला आत ओढतात. डोळ्यांवर चष्मा प्रत्येक वेळी, एक भोक पाडायचं असलं तरी.

पॉलिशचं काम गड्डा यात्रेच्या सुमारास, थंडीत काढा. पावसाळ्यात स्पिरिटचं पॉलिश पांढरट पडतं, आणि मे महिन्यात थिनर इतकं झटकन उडतं की ब्रशचे पट्टे तसेच राहतात. पांढरटपणा आला असेल तर कोरडी हवा असलेल्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवा, बऱ्याच वेळा तो जातो. जवसाचं तेल वापरत असाल तर तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना स्वतःच तापतात, आणि आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये काडीशिवाय पेटू शकतात. मोकळे पसरून दोरीवर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.