क्रूझला निघताय? आधी गाडीचा हिशेब करा

केबिन ठरते, कपडे ठरतात, कोणत्या बंदरावर उतरून काय बघायचं तेही ठरतं. आणि निघायला चार दिवस उरले की घरातलं कुणीतरी विचारतं, "अरे, पण गाडी कुठे लावायची?" तोवर स्वस्त जागा गेलेल्या असतात आणि मुकाट्याने बंदरावरच्या फलकावरचा दर भरावा लागतो. तेव्हा क्रूझचं बुकिंग झालं की त्याच आठवड्यात ही यादी काढून बसा.

कागदावर सगळ्यात आधी रात्रींचा आकडा नाही, दिवसांचा लिहा. सात रात्रींची क्रूझ म्हणजे सात दिवसांचं पार्किंग, असं आपण धरून चालतो. बंदरांचे स्वतःचे वाहनतळ मात्र बऱ्याचदा तारखा मोजतात. शनिवारी दुपारी बाराला गाडी आत गेली आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊला बाहेर आली, तर दोन्ही शनिवार धरून आठ दिवसांचे पैसे. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनॅव्हरलला हाच हिशेब चालतो. चोवीस तासांचा एक दिवस धरणाऱ्या खासगी तळावर तीच गाडी सात दिवसांत बसते. सात दिवसांमागे एक दिवस जास्त हे फारसं टोचत नाही, पण तीन रात्रींच्या छोट्या क्रूझला तीनाचे चार होतात, म्हणजे बिल एक तृतीयांशाने वाढतं. म्हणून "दिवसाला किती?" हा प्रश्नच अर्धवट आहे. आमची गाडी या वेळेला येणार, या वेळेला निघणार, एकूण किती, असं विचारा.

त्याखाली टर्मिनलचं, म्हणजे जहाज जिथून सुटतं त्या धक्क्याचं, नाव लिहा. शहराचं नाव पुरत नाही. सिएटलला पिअर ६६ आणि पिअर ९१ अशा दोन जागांहून क्रूझ सुटतात, आणि त्या एकमेकींपासून काही किलोमीटर लांब आहेत. साउथॅम्प्टनला २०२१ साली होरायझन हे पाचवं टर्मिनल सुरू झालं. न्यूयॉर्कच्या क्रूझ मॅनहॅटनहून सुटतात, ब्रुकलिनहून सुटतात आणि नदीपल्याड न्यू जर्सीतल्या बेयोनहूनही. चुकीच्या टर्मिनलजवळचं स्वस्त पार्किंग टॅक्सीच्या पैशात बुडतं, शिवाय घामटं निघतं ते वेगळंच. निघण्याच्या आठवड्यात क्रूझ कंपनीचा मेल उघडून टर्मिनल पुन्हा एकदा पडताळा, कारण ते बदलूही शकतं.

आता जरा थांबून गाडी न्यायचीच का, हे ठरवा. टॅक्सीचं जाण्यायेण्याचं भाडं एकीकडे, पार्किंगचं एकूण बिल अधिक इंधन आणि टोल दुसरीकडे. क्रूझ लांबली तरी टॅक्सीचा आकडा तोच राहतो, पार्किंगचा मात्र रोज चढतो. त्यामुळे तीन-चार रात्रींना स्वतःची गाडी आणि दहा-बारा रात्रींना टॅक्सी, असं गणित बहुतेक वेळा सुटतं. माणसंही मोजा: रेल्वेचं तिकीट डोईमागे, गाडीचं पार्किंग चौघांना मिळून एकच. रेल्वे खरोखर सोयीची आहे अशीही बंदरं आहेत. व्हँकूव्हरला २००९ पासून कॅनडा लाइन ही मेट्रो विमानतळावरून थेट वॉटरफ्रंट स्थानकात येते आणि तिथून कॅनडा प्लेसचं टर्मिनल चालत काही मिनिटांवर. टॅक्सीचं भाडं तपासताना परतीच्या सकाळचं बघा. हजारो माणसं एकाच वेळी धक्क्यावर उतरतात तेव्हा ॲपवरचे दर चढतात, जाताना दिसलेला आकडा तेव्हा दिसत नाही.

एकतर्फी क्रूझ असेल तर हा विचार दुप्पट करा. व्हँकूव्हरला चढून अलास्कात सिवर्ड किंवा व्हिटियरला उतरणाऱ्यांची गाडी व्हँकूव्हरलाच राहते. तिथे एकतर्फी भाड्याची गाडी बरी पडते: घराजवळ घ्या, बंदराजवळच्या कार्यालयात सोडा. ते कार्यालय रविवारी उघडं असतं का, आणि तिथून टर्मिनलपर्यंत कंपनीची गाडी सोडते का, एवढं आधी विचारून ठेवा.

गाडी न्यायचीच ठरली, तर बंदराबाहेरचे खासगी तळ बघा. पैसे इथेच वाचतात, आणि फसायलाही इथेच होतं. मी एकदा दिवसाचा दर बघून हरखून बुकिंग केलं. पोचल्यावर कळलं की शटलचे, म्हणजे तळावरून टर्मिनलला नेणाऱ्या बसचे, पैसे माणशी आणि प्रत्येक फेरीला वेगळे. आम्ही चौघे, म्हणजे आठ भाडी. शिवाय टपावर सामानाची पेटी होती म्हणून गाडी "मोठी" ठरली. धक्क्यावरचा तळ आम्हाला जवळपास त्याच पैशात पडला असता. तेव्हापासून मी पाच प्रश्न लेखी विचारतो: शटल दरात धरलं आहे का, कर धरून एकूण किती, उंच गाडीला वेगळा आकार आहे का, रद्द केलं तर किती परत मिळतं, आणि चावी तुमच्याकडे ठेवावी लागते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर गाडी नेमकी कुठे उभी राहणार आणि तिला कुणी चालवलं तर विमा कोणाचा, हेही विचारा. टर्मिनलच्या दारात येऊन गाडी ताब्यात घेणाऱ्यांकडून तर हे लेखीच घ्या.

आदल्या दिवशीच बंदराच्या गावात पोचणार असाल तर एक रात्र मुक्काम आणि आठवडाभर गाडी ठेवण्याची सोय एकत्र देणारी हॉटेलं शोधा. मुक्काम करायचाच होता तर हा सौदा चांगला. नुसत्या पार्किंगसाठी खोली घेणं क्वचितच परवडतं. किती रात्री गाडी ठेवता येईल आणि शटल फक्त जातानाचं आहे की येतानाचंही, ते वाचा. "येतानाचं तुमचं तुम्ही बघा" हे वाक्य बऱ्याचदा तळाशी बारीक अक्षरात असतं.

आदल्या रात्रीची कामं थोडी. टायरमधली हवा बघा. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा) काढून ठेवा, आठवड्याभरात तो बॅटरी उतरवू शकतो. विजेवरची गाडी असेल तर चार्ज करूनच न्या, कारण चार्जिंगच्या जागी गाडी आठवडाभर बऱ्याचदा ठेवू देत नाहीत. टपावर पेटी असेल तर बहुमजली तळाची उंचीची मर्यादा आणि गाडीची एकूण उंची ताडून बघा.

निघायच्या सकाळी आधी टर्मिनलवर माणसं आणि मोठ्या बॅगा उतरवा, हमालाच्या ताब्यात द्या, मग एकट्या चालकाने गाडी लावायला जावं. शटल माणशी असेल तर एकाचंच भाडं लागतं, आणि बॅगा बसमध्ये चढवण्याची झटापट टळते. चालकाचा पासपोर्ट आणि बोर्डिंग पास मात्र त्याच्या खिशात हवा. सगळी कागदपत्रं बायकोच्या पर्समध्ये आणि नवरा बाहेर पहारेकऱ्याशी हुज्जत घालतोय, हे दृश्य मी पाहिलंय. गाडी लावली की मजला आणि रांगेचा क्रमांक लिहिलेल्या खांबाचा फोटो घ्या, चारी बाजूंनी गाडीचेही घ्या. पार्किंगच्या तिकिटाचा फोटो तर घ्याच. ते बऱ्याचदा थर्मल, म्हणजे उष्णतेने काळ्या पडणाऱ्या, कागदाचं असतं, डॅशबोर्डवर ठेवलंत तर आठवडाभराच्या उन्हात काळं पडतं, आणि फाटकावर काळी चिठ्ठी दाखवून तारीख सिद्ध करता येत नाही.

परतीला उशीर गृहीत धरा. टेक्सासच्या गॅल्व्हस्टनला हिवाळ्यात समुद्रावरून धुकं येतं, जहाजांची वाट बंद होते आणि क्रूझ बाहेर ताटकळते. अशा वेळी जादा दिवसाचा दर ठरलेलाच लागतो की दंडाचा, हे बुकिंगच्या वेळीच विचारलेलं असावं. शटलवाल्याला फोन करायचा तो कस्टम्सबाहेर आल्यावर, बॅगा हातात असताना. जहाजावरून केलात तर शटल येऊन निघून जातं. सामान स्वतः उचलून उतरता येत असेल तर पहिल्या घोळक्यात उतरा, पुढची रांग मोठी असते.

आणि गाडीची चावी. केबिनच्या तिजोरीत ठेवली असेल तर ती तिथेच राहून जायची भीती असते. मी चावीबरोबर उतरायच्या दिवशी घालायच्या जोडातली एक चप्पल तिजोरीत ठेवतो, म्हणजे तिजोरी उघडल्याशिवाय निघताच येत नाही. मुलं हसतात, हसू देत.