ग्रिलमधला पालक, टायमरवर

खिडकीच्या ग्रिलमध्ये पालक, लेट्यूस लावायचंय तर कुंड्यांत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, बादलीत न्यूट्रियंटचं म्हणजे विरघळलेल्या खताचं पाणी, त्यात कूलरचा छोटा पंप, पंपापासून कुंड्यांपर्यंत नळी आणि टोकाला ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोटी), आणि पंपाची पिन डिजिटल टायमरमध्ये, बास, सेन्सर-बिन्सर नंतर बघू. दिवसा तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं सोडून बघा, मेमध्ये वाढवा, पावसाळ्यात कमी करा नाहीतर मुळं सडतात.

बादली कुंड्यांच्या खालीच हवी हां, वर ठेवली तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. बादलीतल्या पाण्याचा पीएच (आम्लता) ५.५ ते ६.५, ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप) १.२ ते १.८ mS/cm च्या आसपास, मीटरनेच बघा. बादलीचं झाकण घट्ट, डास नकोत. ड्रिपर क्षाराने तुंबतात, अधूनमधून काढून धुवा.