परदेशातून लेगोला पर्यायी ब्लॉक्स कसे आणावेत?

परदेशातल्या खेळण्यांच्या मोठ्या दुकानात शिरलं की समोर लेगोचे डबे दिसतात, आणि नेमके तेच डबे आपल्याकडेही मिळत असतात. मग ते एवढ्या लांबून उचलून कशाला आणायचे? प्रवासात शोधावेत ते त्या देशाचे स्वतःचे ब्लॉक्स. असे ब्लॉक्स पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांना 'नकली लेगो' म्हणून झटकून टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आधी नक्कल आणि पर्याय यांतला फरक समजून घ्या

लेगोच्या विटेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. त्या पेटंटची मुदत कधीच संपली आहे. विटेचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखण्याची मागणी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळली. त्यामुळे जुळणारी वीट कोणीही बनवू शकतं. पण दुसऱ्याचं मॉडेल, त्याचं चित्र, त्याचा डबा जसाच्या तसा उचलणं ही चोरीच. चीनमधल्या 'लेपिन'ने तेच केलं आणि २०१९ मध्ये पोलिसांनी त्यांच्या कारखान्यावर छापा घातला. लेगोच्या पिवळ्या चेहऱ्याच्या छोट्या माणसाचा आकार मात्र युरोपात आजही ट्रेडमार्क आहे. म्हणून डब्यावरची माणसं हुबेहूब तशीच दिसली, किंवा एखाद्या गाजलेल्या सिनेमाचं मॉडेल असूनही परवान्याचा उल्लेख कुठेच नसला, तर तो डबा खाली ठेवा. कस्टममध्ये अडकण्याची शक्यता अशाच मालाची जास्त.

कुठे काय बघायचं, ते निघण्यापूर्वी ठरवा

पोलंडला जात असाल तर 'कोबी' ही तिथली कंपनी बघा. रणगाडे, विमानं, युद्धनौका यांत त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं माझं मत. खुणा आणि क्रमांक ते स्टिकरऐवजी तुकड्यांवरच छापतात, आणि स्टिकर वाकडं बसल्यामुळे ज्याचा जीव कधी हळहळला असेल त्यालाच याची किंमत कळेल. स्मिकसारख्या मुलांच्या दुकानांत कोबी मिळतं. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमशी त्यांचं सहकार्य आहे, तेव्हा संग्रहालयांची दुकानंही चुकवू नका. जर्मनीत 'ब्लूब्रिक्स'ची स्वतःची दुकानं आहेत आणि 'स्टार ट्रेक' मालिकेची परवाना घेतलेली मॉडेल्स त्यांनी काढली आहेत. कोरियात 'ऑक्सफर्ड' नावाचे ब्लॉक्स बघा. चीनमध्ये 'काडा' आणि 'मोल्ड किंग' गिअर-मोटरवाल्या गाड्या करतात, तर 'वांगे'कडे प्रसिद्ध इमारती असतात.

जपानची गोष्ट वेगळी. तिथल्या कावादा कंपनीचा 'नॅनोब्लॉक' २००८ मध्ये आला. त्याची सगळ्यात लहान वीट ४ मिलिमीटर लांब, ४ रुंद आणि ५ उंच. हिमेजीचा किल्ला तळहातावर मावेल एवढा होतो. योदोबाशी कॅमेरासारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानांत खेळण्यांचा विभाग असतो, तिथे तो सापडतो. दाइसोच्या दुकानांत 'पेटिट ब्लॉक' नावाचा असाच बारीक प्रकार मिळतो. कोणाला छोटी भेट द्यायची असेल तर तो उत्तम. हे दोन्ही लेगोला जुळत नाहीत. कावादाचाच जुना 'डायब्लॉक'ही जुळत नाही.

खिशात एक वीट ठेवा

घरातून निघताना साधी दोन बाय चारची एक वीट बरोबर घ्या. तिच्या स्टडचं, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांचं, एकमेकांपासूनचं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ८ मिलिमीटर असतं. 'जुळतं का?' हा प्रश्न दहा प्रकारे विचारण्यापेक्षा ती वीट काउंटरवर ठेवली की दुकानदाराला भाषेशिवाय कळतं. सुटा नमुना असेल तर लावून बघा. वीट किंचित दाब दिल्यावर बसली पाहिजे, उलटी धरून हलवली तरी पडता कामा नये, आणि मुलाच्या नखांनी निघाली पाहिजे.

सुटा नमुना नसेल तर मांडून ठेवलेलं मॉडेल निरखा. समोरून न बघता कडेला उभं राहून लांब भिंतीवरून तिरकी नजर टाका. विटांमधून उजेड दिसतोय का, रांग मधेच फुगलीय का, ते कळेल. मग एकाच रंगाचा मोठा भाग बघा, शक्यतो लाल किंवा तपकिरी. शेजारशेजारच्या विटांच्या छटा वेगळ्या असतील तर रंगाचं मिश्रण सांभाळलेलं नाही. शेवटी पारदर्शक तुकड्यांवर ओरखडे आहेत का ते पाहा. एवढं बघितलं की डब्यावरच्या चित्राला भुलायला होत नाही.

डब्याची मागची बाजू वाचा

युरोपात 'सीई', चीनमध्ये 'सीसीसी', कोरियात 'केसी' या सुरक्षिततेच्या खुणा हव्यातच. जपानमध्ये 'एसटी' खूण ऐच्छिक आहे, पण असली तर चांगलं. उत्पादकाचं नाव-पत्ता नसलेला माल घेऊ नका. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक तुकड्यांचे सेट घेताना दोनदा विचार करा. ते घशात अडकू शकतात.

सामान भरताना

डब्यात बरीचशी हवाच असते. डबा उघडून सपाट करा, आतल्या पिशव्या कपड्यांच्या मधे बसवा आणि सूचनापुस्तिका बॅगेच्या तळाशी सरळ ठेवा. पण थांबा: युरोपीय संघातून बाहेर पडताना खरेदीवरचा कर परत घेणार असाल तर माल न वापरलेला दाखवावा लागू शकतो. तेव्हा कस्टमचा शिक्का मिळेपर्यंत डबा फोडू नका, आणि ती बॅग शिक्का मिळण्याआधी चेक-इन करू नका. दुकानात बिल करतानाच पासपोर्ट दाखवून कर-परताव्याचा फॉर्म मागून घ्या. ब्रिटनमध्ये मात्र २०२१ पासून पर्यटकांना ही सोय उरलेली नाही. दुकानाने माल थेट परदेशी पाठवला तरच कर वाचतो.

मोटरवाल्या सेटमध्ये लिथियम बॅटरी सुटी असेल तर ती हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. ब्लॉक्सची बंदूक असेल तर याच्या उलट: ती चेक-इनच्या बॅगेत, कारण सुरक्षा तपासणीत खेळण्यातलं हत्यारही अडवतात. आपल्या देशात किती किमतीपर्यंतचा माल शुल्काशिवाय आणता येतो ते आधी पाहून बिलं हाताशी ठेवा.

घरी आल्यावर

लगेच जोडायला बसू नका. आधी पिशव्यांवरचे क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहा. काही चिनी कंपन्या पुस्तिका अ‍ॅपवर किंवा पीडीएफमध्ये देतात, ती उतरवून जपून ठेवा. एखादा तुकडा कमी निघाला तर कंपनीच्या वेबसाइटवर सुट्या भागांचा फॉर्म आहे का बघा. त्यात सेटचा क्रमांक, पुस्तिकेतलं पान आणि बिलाचा फोटो द्यावा लागतो, म्हणून डब्याची क्रमांक असलेली बाजू कापून पुस्तिकेतच ठेवा.